कार्डावर नसलेला प्रश्न

"पुढच्या वर्षीच्या नाताळात तुमचा काय बेत आहे?" मी इंग्रजीत विचारलं.

सलोमी रणभिसे छताकडे पाहू लागली. छताला पंखा होता, तो बंद होता, आणि त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"सांगा की, सिस्टर. पहिले शब्द तर पाठच आहेत. आय ॲम प्लॅनिंग टू..."

"आय ॲम प्लॅनिंग टू," ती म्हणाली आणि थांबली.

मागच्या बाकावरून रुखसाना मुजावर म्हणाली, "मॅडम, तिला नाताळ नका विचारू. डिसेंबर आला की तिची गाडी पंक्चर होते."

"मग मार्चमधलं विचारू?"

"विचारून बघा. मार्चातपण पंक्चरच आहे."

सगळे हसले. सलोमीही हसली. हसणं तिला इंग्रजीतही जमायचं; अडायचं ते फक्त पुढच्या वर्षापाशी.

ही वीस वर्षांपूर्वीची मिरज. मी जयसिंगपूरहून आठवड्यातून दोनदा एसटीनं यायची आणि एका सतार बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत नर्सेसना इंग्रजी बोलायला शिकवायची. खाली एक म्हातारे गृहस्थ एकच तार पन्नास वेळा छेडून कान लावून बसायचे. वर आम्ही एकच वाक्य पन्नास वेळा म्हणायचो. दोन्हीकडचा माल परदेशी जाणार होता.

बाहेरच्या देशात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत आमच्या नर्सेस सहज निघून जायच्या. तोंडी परीक्षा मात्र आडवी यायची. तिथं परीक्षक समोर बसतो, कार्डावरचे प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न फिरून फिरून दोन जागी येतात: तुमच्याकडे सण कसा साजरा करतात, आणि पुढं तुमचा काय विचार आहे. माणूस कुठल्याही देशातला असो, त्याला सण असतो आणि पुढचा विचार असतो, असं त्या लोकांनी धरूनच ठेवलेलं आहे.

सणासाठी मी एक उत्तर करून दिलं होतं, बारा वाक्यांचं. घराची साफसफाई, नवे कपडे, गोडधोड, नातेवाईक, लहान मुलांचा आनंद. त्यातली दिवाळी काढून ईद घातली, ईद काढून नाताळ घातला, तरी उत्तराला ओरखडासुद्धा उठत नसे. मला त्याचा फार अभिमान होता. मी एकोणतीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला आपलीच वाक्यं फार आवडतात.

माझी एक लांबट वही होती. तिच्यात मी गुण लिहीत नसे, कोण कुठं अडतं ते लिहीत असे. ब्रदर चौगुले पूर्णविराम आला की अडायचे, कारण पुढचं वाक्य पाठ करताना त्यांनी तिथं श्वास घेतलेला असायचा. रुखसाना अडायचीच नाही, तिला अडवावं लागे. सलोमीच्या नावापुढं मी लिहिलं होतं: 'पुढचं वर्ष. कारण विचारलं. म्हणते, शब्द आठवत नाहीत. खोटं.'

खोटं, कारण शब्द तिला सगळ्यांत जास्त यायचे. रुखसानाला कुठला शब्द हवा असला तर सलोमीच पुरवायची. छत्तीस वर्षांची, शांत, केस घट्ट बांधलेले. नवरा कधीच निघून गेलेला. जाताना आडनाव तेवढं ठेवून गेला होता. घरी आणखी कोण आहे, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तिनं ही परीक्षा दोनदा दिली होती. बाकी सगळ्यात उत्तम, तोंडीला दोन्ही वेळा नवापैकी सहा. हवे होते सात. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं तिची जागा वर्ष संपेपर्यंत राखून ठेवली होती, आणि त्याआधीची शेवटची परीक्षा पुण्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होती.

"हे शेवटचं, मॅडम," ती म्हणाली होती. "आता नाही झालं तर रिटायर होईपर्यंत मेल सर्जिकल वॉर्डात. परत फॉर्म भरायची ताकद नाही माझ्यात."

मी नाना उपाय केले. फळ्यावर कॅलेंडर काढलं. एकेका महिन्यावर बोट ठेवून वदवून घेतलं. जानेवारी, फेब्रुवारी ठीक. पुढं सरकलं की सलोमी छताला. शेवटी मला वाटलं, ही आम्हाला सरावली आहे. हिला अनोळखी माणूस समोर हवा, म्हणजे भीड पडेल आणि तोंड उघडेल. या माझ्या निदानाबद्दलही मला बराच अभिमान वाटला होता.

अनोळखी माणूस मला पोस्टात सापडला. पेन्शनची आणि तिकिटांची एकच रांग होती. माझ्यापुढं एक सत्तरीच्या आसपासच्या बाई, पांढरी कडक साडी, ब्लाउजला पिनेनं अडकवलेलं घड्याळ. एक गृहस्थ रांग सोडून खिडकीकडे घुसले. बाईंनी त्यांच्या खांद्याला एका बोटानं स्पर्श केला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "यू आर नॉट द ओन्ली पेशंट हिअर."

ते गृहस्थ मागं गेले. मीसुद्धा नकळत एक पाऊल मागं सरकले.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. नाव मार्था आवळे. एका मिशनच्या दवाखान्यात लेबर रूमच्या इन्चार्ज होत्या. इंग्रजी गोऱ्या मेट्रनच्या हाताखाली शिकलेलं. मी माझं काम सांगितलं.

"परीक्षा कुणाची? नर्सेसची?"

"हो, सिस्टर. खोटी परीक्षा, सरावाची. पण परीक्षक खऱ्यासारखा हवा."

"येते की. हल्लीच्या नर्सेसची परीक्षा कुणीतरी घ्यायलाच पाहिजे. पण एक सांगते, नावं नकोत. मिरज एवढीशी. नाव कळलं की कोण कुणाची ते कळतं, आणि हात सैल पडतो. नंबर द्या."

"नंबर देते."

"चहा बिनसाखरेचा."

शनिवारी चारला सिस्टर आल्या त्या चारला पाच मिनिटं असताना. टेबलामागं बसल्या, मी दिलेली कार्डं क्रमानं लावली, पेनाचं टोपण काढून कागदावर एक रेघ ओढून पाहिली. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. उमेदवार बाहेर जिन्यात. एकेकानं आत यायचं. आत जे चाललं ते सगळं इंग्रजीत; मी मराठीत सांगते आहे.

एक नंबर ब्रदर चौगुले. त्यांनी माझी दिवाळी सुरू केली. पहाटे आम्ही उठतो, घर दिव्यांनी उजळतं, मुलं आनंदित होतात.

"तुम्हाला उटणं कोण लावतं?" सिस्टरांनी मधेच विचारलं.

उटणं माझ्या बारा वाक्यांत नव्हतं. चौगुले माझ्याकडे पाहू लागले.

"तिकडं नको. इकडं बघा. गेल्या दिवाळीला तुम्ही काय केलं?"

"मी... मी ड्युटीवर होतो. बर्न्स वॉर्डला. फटाक्यानं भाजलेली मुलं येतात. दहा बेड रिकामे ठेवावे लागतात."

"मग हे सांगा ना. साहेबाला दिवे काय करायचेत? दिवे त्याच्याकडंही आहेत."

मी वहीत मान घातली. बारा वाक्यं माझी होती.

दोन नंबर रुखसाना. तिनं ईदचा शिरखुर्मा असा उकळत आणला की सिस्टरांनी हात वर केला. "ब्रीद." रुखसानानं श्वास घेतला. "अगेन." पुन्हा घेतला. मग दोघी हसल्या, आणि रुखसाना सात घेऊन बाहेर गेली.

तीन नंबर सलोमी.

ती खाली बघतच आत आली, खुर्ची ओढली, बसली, मान वर केली. आणि तशीच राहिली. मी म्हटलं, झालं, अनोळखी माणसापुढं तर आणखीच घाबरली. सिस्टरांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. नाव विचारायचं नाही असं ठरलंच होतं. त्यांनी विचारलं नाही.

"नंबर तीन," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी एखादा सण कसा साजरा होतो ते सांगा."

सलोमी यंत्रासारखी बोलायला लागली. "नाताळ हा आमचा सर्वांत मोठा सण आहे. पंचवीस डिसेंबरला आमचं सगळं कुटुंब एकत्र येतं. आम्ही घर स्वच्छ करतो..."

"थांबा. सगळं कुटुंब म्हणजे कोण कोण?"

"मी. आणि माझी आई."

"आणि पंचवीसला एकत्र असता?"

सलोमीनं छताकडे पाहिलं.

"कोणत्या वर्षी?"

मी खाकरले. परीक्षकानं उमेदवाराशी वाद घालायचा नसतो. सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं खाकरणं घशातच राहिलं.

"नाही," सलोमी म्हणाली. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पंचवीसला नाही."

आणि मग तिनं माझं उत्तर टाकून दिलं. इंग्रजी लंगडत होतं, मागचं पुढं होत होतं, पण ते पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी चाललं होतं.

"माझी आई लेबर रूमला नर्स होती. नाताळच्या दिवशीपण बाळं येतात. आई म्हणायची, ज्या सिस्टरांची पोरं लहान आहेत त्यांना सुट्टी द्यायची. मीपण लहानच होते, पण ते ती धरायची नाही. आमचा नाताळ ड्युटी लिस्ट लागल्यावर ठरायचा. कधी सव्वीस, कधी तीस. एकदा तर तीन जानेवारी. शेजाऱ्यांच्या दारातले तारे उतरायचे तेव्हा आमच्या दारात तारा लागायचा. करंज्यांचा डबा भरून ठेवलेला असायचा, पण आई घरी येईपर्यंत झाकण उघडायचं नाही."

"मग?"

"मी दुसरीत होते तेव्हा एकदा, गल्लीतली सगळी मुलं नवे कपडे घालून चर्चला गेली. मी एकटीच चालत दवाखान्याच्या फाटकाशी गेले. वॉचमननं आत निरोप दिला. आई खाली आली, पाच मिनिटांसाठी. मी म्हटलं, आज नाताळ आहे. ती म्हणाली, कोण म्हणालं? आज नाताळ नाही. नाताळ कधी ते मी सांगेन. मी घरी गेले. मला ते खरं वाटलं. मला वाटायचं, नाताळ माझी आई ठरवते. सगळ्या जगाचा. बाकीचे लोक उगाच घाई करून आधी उरकतात."

"कधी झाला मग त्या वर्षीचा?"

"सत्तावीसला."

"अठ्ठावीस," परीक्षक म्हणाल्या. "सत्तावीसला जुळं आलं होतं."

माझं पेन थांबलं. मी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. तेच रुंद कपाळ. तीच, विचार करताना खालचा ओठ आत घ्यायची सवय. कोण कुठं अडतं याची पानंच्या पानं लिहिणाऱ्या मला एवढी ठळक गोष्ट दिसली नव्हती, आणि मी या दोघींना एका टेबलाशी समोरासमोर बसवलं होतं.

मी उठायला लागले. माफी मागायची, पाणी आणायचं, काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण उठत होते.

"टीचर," सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परीक्षा चालू आहे."

मी बसले.

त्यांनी पहिलं कार्ड पालथं टाकलं, दुसरं उचललं आणि थोडं लांब धरून वाचलं. इंग्रजीत समोरच्याला एकच हाक असते, 'यू'. इतका वेळ मी तिचं 'तुम्ही' करून सांगत आले. इथून पुढं तसं लिहायला हात धजत नाही.

"पुढच्या वर्षीच्या नाताळात तुझा काय बेत आहे?"

"आय ॲम प्लॅनिंग टू," सलोमी म्हणाली आणि थांबली.

खाली तार छेडली गेली. पुन्हा. पुन्हा. मला वाटलं, आता सिस्टर काहीतरी सुचवतील, निदान मान हलवतील. पण लेबर रूममध्ये जन्म काढलेल्या बाईला थांबून राहणं कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी नुसते हात एकात एक गुंफले आणि पाहत राहिल्या.

"पुढच्या नाताळात मी आयर्लंडला असेन," सलोमी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांच्या हॉस्पिटलमध्ये. नव्या नर्सला नाताळची सुट्टी मिळत नाही. मी ड्युटीवर असेन."

"आणि?"

"आणि माझी आई मिरजेत असेल. एकटी. तिला अजून माहीत नाही."

"का नाही?"

हे कार्डावर नव्हतं.

"मराठीत मी चार वेळा सुरुवात केली. एकदा ती भाकरी थापत होती. एकदा चर्चमधून येताना रिक्षात. दर वेळी ती दुसरंच काही काढते, नाहीतर मीच काढते. मग म्हटलं, आधी पास होऊ, मग सांगू. आणि पास होत नाही. कारण हा प्रश्न आला की मला परीक्षक दिसत नाही, तीच दिसते. तिच्याकडे कोण बघेल, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. तिथं माझं वाक्य संपतं."

सिस्टरांनी पेन उचललं, काहीतरी लिहिलं, खोडलं.

"कँडिडेट," त्या म्हणाल्या, "तुझी आई ट्रेन्ड नर्स आहे. ती पेशंट नाही."

सलोमी यावर हसली की रडली? माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर 'दोन्ही' असं लिहिलेलं आहे.

"हा बेत आहे की नुसती इच्छा?"

"बेत."

"ऐकू आलं नाही."

"बेत आहे."

"थँक यू. यू मे गो नाऊ. पुढच्या नंबरला आत पाठव."

सलोमी उठली, दारापर्यंत गेली, वळली. सिस्टर कार्डं लावत होत्या. ती गेली. मागं आणखी दोन नंबर होते. सिस्टरांनी त्या दोघींची परीक्षा घेतली, पूर्ण, एकही प्रश्न न गाळता. फक्त चहा मागितला तेव्हा साखर घालायला सांगितली.

सगळे गेल्यावर मी टेबलाजवळ गेले. "सिस्टर, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"मला तरी कुठं होतं?" त्या मराठीत म्हणाल्या. मराठीत त्यांचा आवाज निराळा होता, जरा जास्त दमलेला. "चार महिने बघते आहे. शनिवार आला की पावडर लावून जाते. सांगते, एक्स्ट्रा ड्युटी. आरशासमोर उभी राहून एकटीच पुटपुटते. मला वाटलं, कुणी माणूस आहे."

"मग विचारलं का नाही?"

"कशाला? म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. पोळलेली पोर, होतंय काही तर होऊ दे. मनातल्या मनात मी त्याला दोनदा जेवायलासुद्धा वाढलं होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "निघालं आयर्लंड. माणूस असता तर बरं होतं की हो. सांगलीचा नाहीतर कुपवाडचा असता."

मला हसू आलं आणि लगेच आवरावं लागलं.

त्यांनी गुणांचा कागद माझ्याकडे सरकवला. तीन नंबरपुढं साडेसहा लिहिलं होतं.

"सिस्टर, सात हवेत तिला."

"हवेत तर मिळवील. शेवटी आवाज पडला. आणि बेत सांगताना मान खाली घातली. परीक्षक काय तिची आई असणार आहे का समजून घ्यायला?"

मी कागदाची घडी घातली.

"किती दिवस आहेत?"

"आठ."

"पुष्कळ झाले. तुमचं ते कार्ड द्या मला. दुसरं. संध्याकाळी घरी मी घेते."

मी कार्ड दिलं. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या. मीही मागोमाग गेले, उगाच. सलोमी शेवटच्या पायरीवर बसली होती. सिस्टर तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"मेथी घेतलीस?"

"नाही, आई."

"मग ऊठ. मंडई उठेल."

दोघी चालायला लागल्या. सिस्टर पुढं, सलोमी मागं, मधे दोन पावलांचं अंतर. कोपऱ्यावर सिस्टर थांबल्या, आणि अंतर संपलं.

त्या आठवड्यात सलोमी वर्गाला आली नाही. पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं. रोज संध्याकाळी स्वयंपाक आवरला की आई चष्मा लावून स्टुलावर बसायची, कार्ड लांब धरायची आणि तोच प्रश्न. पहिल्या दिवशी सलोमीला अर्ध्यातून उठून जावं लागलं. दुसऱ्या दिवशी आईला. तिसऱ्या दिवशी दोघींनी वाक्य शेवटापर्यंत नेलं. चौथ्या दिवशी आईनं पोटप्रश्न काढले: तिथं थंडी किती, भात मिळतो का, महिन्यातून कितीदा फोन. पाचव्या दिवशी त्यांचं चांगलंच भांडण झालं, इंग्रजीत, कारण आई म्हणाली की मी एकटी राहीन आणि सलोमी म्हणाली की रुखसानाची आई आपल्या घरी वरच्या खोलीत राहायला तयार आहे. सहाव्या दिवशी आई म्हणाली, येऊ दे, पण स्वयंपाकघर माझं. सातव्या दिवशी सलोमी उत्तर देत असताना आईनं जांभई दिली.

"मॅडम, मी चिडलेच," सलोमी म्हणाली. "मी एवढं जीव तोडून सांगते आहे आणि ही जांभई देते. तर म्हणाली, झालं. आता ड्रेसिंगची गरज नाही. जा पुण्याला."

तोंडीला तिला साडेसात मिळाले. निकालाचा कागद घेऊन दोघी आल्या. सिस्टरांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अर्धा जास्तच दिलाय. ढिले असतात हल्लीचे परीक्षक."

फेब्रुवारीत सलोमी गेली. मी निरोपाला गेले नाही, घरचा प्रसंग म्हणून. रुखसानानं सांगितलं की सिस्टर घराच्या दारातूनच परत फिरल्या. वॉर्डात नर्स बदलते तेव्हा माहिती देऊन वळतात ना, तशा. मला ते पटलंही आणि पटलं नाहीही.

त्यानंतरच्या शनिवारी वर्गाला कुणीच नव्हतं. गावात तपासणीचं मोठं शिबिर होतं आणि सगळ्यांच्या ड्युट्या तिकडं लागल्या होत्या. मी तासभर वाट पाहून कुलूप हातात घेतलं, तर जिन्यात पावलं वाजली. कठड्याला धरून, मधे एकदा थांबून, सिस्टर वर आल्या. तीच कडक साडी, तेच घड्याळ.

"कोण आहे आज?"

"कुणी नाही, सिस्टर. शिबिर आहे."

"अच्छा." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मला कुणी बोललं नाही."

"मीच निरोप द्यायला हवा होता. आज परीक्षा नव्हतीच तशी."

"हो का." त्या वळल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी धरून दारातच उभ्या राहिल्या. घरी जायला वाट होती, रिक्षा होती. घाई तेवढी नव्हती.

मी कुलूप टेबलावर ठेवलं आणि उमेदवाराच्या खुर्चीत बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलामागं जाऊन बसल्या, चष्मा लावला, पर्समधून कार्ड काढलं. ऑक्टोबरपासून ते त्यांच्याकडेच होतं. कोपरे मऊ पडले होते.

"सण राहू द्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचं सणाचं उत्तर मला तोंडपाठ आहे. पुढचा बेत सांगा."

मी झरझर बोलायला लागले. इंग्रजी माझं चांगलं होतं, शिकवायची ना मी. "जूनमध्ये मी हैदराबादला जाणार आहे. शिकवायचं कसं ते शिकण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मी अर्ज केला होता, प्रवेशाचं पत्र आलेलं आहे."

"केव्हा आलं?"

"महिना झाला."

"घरी सांगितलंय?"

जयसिंगपूरला आईनं येत्या मंगळवारी एका स्थळाला बोलावलं होतं. तिसरं. मुलगा चांगला होता, आणि त्यासाठी तिनं माझ्याकरता साडीसुद्धा काढून ठेवली होती, मोरपंखी. मी उत्तर जुळवायला गेले. शब्द सगळे येत होते. एकही बाहेर येईना.

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर एक रेघ ओढून पाहिली. मग पेन खाली ठेवलं, कार्ड पालथं घातलं आणि मराठीत आल्या.

"सांगा मला आधी," त्या म्हणाल्या. "मग मंगळवारच्या आत तिला. सावकाश होऊ द्या. मी बसलेय."